जगदेवी काकूंचा फाटा

रेणापूरहून लातूरकडं निघालं की बोरतळचा फाटा लागतो. तिथं एसटी थांबते ती जगदेवी काकूंमुळं. पूर्वी थांबत नव्हती. आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढं शिकायचं तर रेणापूर गाठायचं. पोरं सायकली हाणत जायची, नाहीतर कुणाच्याही गाडीला हात करायची. पोरींचं शिक्षण सातवीतच संपायचं. काकूंची दीपमाला सातवी पास झाली त्या वर्षी काकूंनी गल्लीतल्या बाया गोळा केल्या आणि सकाळच्या बससमोर रस्त्यावर बसकण मारली. ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून थकला. कंडक्टर खाली उतरून हात जोडून म्हणाला, “बाई, माझी नोकरी जाईल.”

“जाऊ नये म्हणूनच सांगून राहिले,” काकू म्हणाल्या. “थांबा लिहून घ्या. आम्ही उठतो.”

थांबा मिळाला. पुढं गावानं श्रमदान केलं आणि निवाराही उभा राहिला. तीन बाजूंनी भिंती, वर पत्रे, आत सिमेंटचा ओटा. दीपमाला त्याच बसनं शिकली आणि आज औशाला नर्स आहे. तिच्या मागं पोरींची रांगच लागली. फुकट पास, दप्तर, दोन वेण्या. सकाळी फाट्यावर उभ्या राहिलेल्या पोरी बघितल्या की काकूंच्या चेहऱ्यावर असं काही येतं, जणू ते पीक त्यांनीच काढलंय.

मी शिवकन्या, गावची आशाताई. काकूंचं घर आणि शेत दोन्ही फाट्याला लागून, त्यामुळं माझं रोजचं जाणं येणं त्यांच्या दारावरून. काकू दिसायला लहानखुऱ्या, पण आवाज तीन शेतं ओलांडून जातो. सोयाबीन काढायला त्या असल्या की वेगळा मुकादम लागत नाही. गोड बोलणं त्यांना जमत नाही. एखाद्याची काळजी वाटली तरी त्या त्याला आधी शिव्या देतात. वैजनाथ काका त्यांच्या उलट. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर पुष्कळ.

तुरी फुलात होत्या तेव्हाची गोष्ट. एका सकाळी पोरी फाट्यावर गेल्या तर निवाऱ्यात एक बाई बसलेली. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर एकावर एक गुंडाळलेल्या दोन साड्या, जवळ खताचं रिकामं पोतं. वय चाळीस म्हणावं तर चाळीस, साठ म्हणावं तर साठ. कुठून आली, कधी आली, कुणाला ठाऊक नाही. विचारलं की “नीळू, नीळू” असं काहीतरी पुटपुटायची. बाकीचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. पोरींनी तिचं नावच निळू ठेवलं. काही जण म्हणत, हे तिच्या मेलेल्या लेकराचं नाव असणार. आम्हाला ते पटलंही.

पहिले काही दिवस ती गप्प बसून असायची. मग तिचं बिनसायला लागलं. गाडीचा भोंगा वाजला की कानावर हात ठेवून किंचाळायची. मोटारसायकली दिसल्या की दगड मारायची. थुंकायची. निवाऱ्यातच घाण करायची. कधीकधी अंगावरची साडी सोडून टाकायची, आणि समोर बसची वाट बघत पोरी उभ्या. हे सगळं लिहायला मला बरं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर गाव का चिडलं ते कळायचं नाही. लोक दुष्ट नव्हते, बेजार झाले होते. फाट्यावर रेवणसिद्धचं चहाचं हॉटेल आहे. त्याचं गिऱ्हाईक तुटलं. तो तिला माठाजवळही येऊ देत नव्हता. आली की झाडू उगारायचा.

फक्त काकूंच्या हातचं ती खायची. दुसऱ्या कुणी काही दिलं की फेकून द्यायची. काकू रोज सकाळी भाकरी घेऊन जायच्या, ओट्याच्या कडेला ठेवायच्या आणि म्हणायच्या, “घे गं माय, खा. आन् आज तरी पोरींना तरास देऊ नको.” ती भाकरी ओढून घ्यायची आणि तोंड भिंतीकडं करून खायची.

मग आरतीला दगड लागला. आरती दहावीत होती. दगड मोटारसायकलवाल्यासाठी होता, लागला तिच्या भुवईवर. रक्तानं गणवेश भरला. रेणापूरच्या दवाखान्यात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. दुसऱ्या दिवसापासून दोन घरांनी पोरींना शाळेत पाठवणं बंद केलं. तिसरं घर विचारात होतं.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. सरपंच शेषेराव म्हणाले, “काहीतरी केल्याबिगर भागत न्हाई आता.” कुणी म्हणालं पोलिसांना सांगू, पाटलाचा धाकला म्हणाला कशाला ते झंझट. शेवटी टेम्पोवाला हनुमंत म्हणाला, “मी उद्या माल घेऊन नांदेडला चाललोय. तिथं सोडून येतो. मोठं शहर हाय, गुरुद्वाऱ्याचा लंगर हाय. उपाशी तर मरणार न्हाई.”

सगळ्यांना हायसं वाटलं. कुणाच्याच अंगावर काही येत नव्हतं. सरपंचांनी काकूंकडं बघितलं. फाटा काकूंचा, हे गावाला न सांगता मान्य आहे.

“पोरींची बस बंद पडायची न्हाई,” काकू म्हणाल्या. “न्या तिला.”

ती कुणाच्या हाताला लागत नव्हती. टेम्पोत चढवलं तेही काकूंनीच. भाकरी घेऊन आधी काकू चढल्या, त्यांच्यामागं ती चढली. भाकरी तिच्या हातात दिली आणि काकू खाली उतरल्या. हनुमंतनं फाळका लावला. ती खात होती. टेम्पो वळणापलीकडं गेला तरी तिनं वर बघितलं नव्हतं. काकूंनी त्याच दुपारी पाण्याच्या घागरी आणून निवारा स्वतः धुऊन काढला, फिनेल टाकून, दोन वेळा. दुसऱ्या सकाळी सगळ्या पोरी हजर होत्या.

गोष्ट इथं संपायला पाहिजे होती. गावासाठी संपलीच होती. काकूंचं मात्र काहीतरी झालं. त्या दिवसांत त्या सगळ्यांशी भांडल्या. दूधवाल्याशी, शेजारणीशी, वैजनाथ काकांशी. माझ्याशीही, तेही लसीकरणाच्या दिवशी, बारक्या लेकरांच्या आयांसमोर. एकदा त्या दळण घेऊन चालल्या होत्या तेव्हा आरती भेटली. भुवईवरचे टाके निघाले होते, वण राहिला होता. तिनं सहज विचारलं, “काकू, ती बाई नांदेडला कुठं राहती हो?” काकूंनी तिला घरी जायला सांगितलं. ही गोष्ट काकूंनी मला पुढं खूप दिवसांनी सांगितली.

हरभरा निघून गेला, ऊन तापायला लागलं. एक दिवस दुपारी मी काकूंचं बीपी बघायला गेले होते. त्या म्हणाल्या घरात उकडतंय, चल फाट्यावर. आम्ही रेवणसिद्धच्या हॉटेलच्या सावलीत बसलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात एक पांढरी जीप येऊन निवाऱ्यापाशी थांबली. इंजिन चालूच. मागचं दार उघडलं आणि दोघा जणांनी एका म्हाताऱ्याला दंडाला धरून खाली उतरवलं. धोतर मळलेलं, पायात काही नाही. त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, खांद्यावर थोपटलं, आणि गाडीत बसायला लागले.

मला कळायच्या आत काकू जीपच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

“कोण हाय हे?”

“पाहुणे हायत आमचे. बसनं चाललेत,” ड्रायव्हर म्हणाला.

“कुठं चाललेत? इचारू का त्यान्ला?”

म्हाताऱ्यानं काकूंकडं बघून बाटली वर केली, जणू पाणी हवं का विचारतोय. गाडीतला दुसरा माणूस खाली उतरला. चांगला इस्त्रीच्या कपड्यातला होता.

“मावशी, बाजूला व्हा. आमच्या गावात लई तरास झाला ह्याचा. दुकानात घुसतो, कुणाच्याबी घरात जाऊन झोपतो, बाया भेतात. तुमचं गाव रस्त्यावरचं हाय. इथं कुणीबी बघंल त्याच्याकडं.”

“कुणीबी म्हंजी कोण?”

तो हसला. चिडून नाही, ओळखीचं हसला. “आता मावशी, समदेच असं करतात. तुमी कधी कुणाला सोडून आलाव न्हाई का?”

काकूंनी पदर चेहऱ्यावरून फिरवला. मग म्हणाल्या, “सोडलं. आमीबी सोडलं. म्हणूनच तुला जाऊ देणार न्हाई. शिवकन्या, पोलीस स्टेशनला फोन लाव.”

जीपवाले खूप ओरडले. रेवणसिद्ध बाहेर आला आणि काकूंच्या शेजारी उभा राहिला. शेतातून दोघे-तिघे आले. पोलिसांची गाडी येईपर्यंत म्हातारा निवाऱ्यात बसून आमच्याकडं कौतुकानं बघत होता.

रेणापूरचे जमादार वयस्कर होते. त्यांनी जीपवाल्यांची नावं घेतली, त्यांना चांगलं झापलं, आणि मग आमच्याकडं वळले. “हे बघा, असं भान हरपलेलं माणूस फिरताना दिसलं की आम्हाला कळवायचं. त्याला डॉक्टरपुढं नेणं, कोर्टाचा हुकूम घेणं, ही कायद्यानं आमची जिम्मेदारी हाय. पण आम्हाला कुणी सांगतच न्हाई. रातोरात माणूस गायब होतो आन् दुसऱ्या गावात उगवतो.” म्हाताऱ्याला ते सोबत घेऊन गेले. त्याची लेक लातूरला राहते, असं निघालं. बाप हरवला म्हणून तिनं आधीच तक्रार दिली होती. ती पोलीस स्टेशनात येऊन बापाला घरी घेऊन गेली, असं जमादारांनी आम्हाला सांगितलं.

त्याच संध्याकाळी काकू मला घेऊन सरपंचांच्या घरी गेल्या. शेषेराव ओसरीवर बसले होते.

“भाऊजी, मला नांदेडला जायचंय.”

“कामून?”

“तिला आणायला.”

शेषेरावांनी चष्मा काढला. “वैनी, आत्ता कुठं पोरी नीट जाऊन राहिल्यात. आन् ती आता कुठं असंल, काय ठावं? जिवंत तरी…”

“तेच बघायला जायचंय.”

“आन् आणून ठेवणार कुठं?”

“ते मला आज सांगता येत न्हाई. पण आज दुपारी त्या जीपवाल्यानं मला वळखलं, भाऊजी. त्याच्यातलीच वाटले मी त्याला.” काकूंचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. “मला लई लाज वाटली.”

शेषेरावांनी हनुमंतला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टेम्पोनं निघालो. नांदेडला स्टेशनच्या बाहेर हनुमंतनं टेम्पो लावला आणि एका लिंबाकडं बोट दाखवलं. “इथं उतरवली होती.” तिथं एक रसवंती होती. रसवंतीवाल्यानं मान हलवली. ऑटोवाल्यांना विचारलं. एक म्हणाला हो, होती, पण लई दिवस झाले. काकू रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं वाकून बघत होत्या. मध्येच “निळू! ए निळू!” अशी हाक मारत होत्या. लोक वळून बघत. पुढं आम्ही लंगरच्या बाहेर उभे राहिलो. डोक्यावर पदर घेऊन काकूंनी एका वयस्कर सेवादाराला विचारलं. त्यांनी आधी आम्हाला जेवायला बसा म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, आधी तिला शोधू द्या. तेव्हा ते म्हणाले, “दगड मारते ती? पंगतीत बसत नाही. आम्ही ताट बाहेर नेऊन देतो. दुपारी घाटावर असते, गोदावरीकडं.”

ती घाटाच्या पायऱ्यांवर होती. इतकी वाळली होती की मी ओळखलंच नसतं. पायाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर माश्या. काकू वरच्या पायरीवर थांबल्या आणि शेतातल्या आवाजात ओरडल्या, “निळू!”

तिनं मान वळवली. बघितलं. आणि हाताला आला तो दगड उचलून मारला. तो काकूंच्या गुडघ्यावर बसला. हनुमंत पुढं धावला तर काकूंनी त्याला हातानंच अडवलं. त्या पायरीवर बसल्या, गुडघा दाबून धरला आणि म्हणाल्या, “मार. आनखी एक मार. तेवढा तुझा हक हाय.”

तिनं दुसरा मारला नाही. पण जवळही येऊ देईना. काकूंनी भाकरी काढून मधल्या पायरीवर ठेवली, तिनं ढुंकून बघितलं नाही. “नीळू, नीळू” चालूच होतं. ऊन डोक्यावर आलं. शेजारी द्रोणातले दिवे विकणारी एक बाई बसली होती. ती आमच्याकडं मघापासून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“काय सारखं निळू निळू करून राहिलाव तिला? देगलूरकडची का कुठली हाय ती, तेलुगू बोलती. नीळ्ळू म्हंजी पाणी. पाणी मागून राहिली ती.”

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी हनुमंतकडं बघितलं. थंडीभर ती बाई आमच्या फाट्यावर बसून पाणी मागत होती, आणि आम्ही तिला त्याच नावानं हाका मारत होतो. पाणी मिळालं असतं तर दगड थांबले असते, असं मी म्हणणार नाही. आजार तो आजारच असतो, आणि तो नुसत्या पाण्यानं जात नाही. पण तहान तर भागली असती.

काकूंनी माझी बाटली ओढून घेतली, नळावर जाऊन भरली आणि थेट तिच्यापुढं नेली. लांब ठेवली नाही. हातात धरली. “नीळ्ळू,” त्या म्हणाल्या. शब्द नीट आला नाही, पण आला. ती घटाघटा प्यायली, अर्धं पाणी अंगावर सांडलं. बाटली संपली तेव्हा काकूंनी परत भरून आणली. तिसऱ्या बाटलीनंतर तिनं काकूंच्या हाताला धरलं.

आम्ही आधी घाटाजवळच्या पोलीस चौकीत नोंद केली, रेणापूरच्या जमादारांशी बोलणं करून दिलं. परतीच्या वाटेवर काकू मागं तिच्यासोबत बसल्या. मी म्हणाले, काकू, पुढं या, मागं हादरे बसतील, गुडघा सुजलाय. त्यांनी ऐकलं नाही. लातूर येईपर्यंत त्या खाली उतरल्या नाहीत.

तिला गावात न आणता लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जमादारांनी कोर्टाचे कागद केले. तिथं तिला ठेवून घेतलं, पायाची जखम धुतली, केस कापले. काकू आठवड्याच्या आठवड्याला एसटीनं जायच्या. एका खेपेला सिस्टरनं सांगितलं, “आज नाव सांगितलं बघा. सायव्वा.” काकू त्या दिवशी फाट्यावर उतरल्या आणि घरी जायच्या आधी रेवणसिद्धला, मला, बसमधून उतरणाऱ्या पोरींना, सगळ्यांना सांगत सुटल्या. “सायव्वा. सायव्वा नाव हाय तिचं. निळू म्हणायचं न्हाई आता.”

पोलिसांनी देगलूर, बिलोली, पार तेलंगणाच्या हद्दीपर्यंत चौकशी केली. तिचं कुणी सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या रोज चालू राहिल्या तर ही शांत राहील, पण हिला जागा पाहिजे आणि माणसं पाहिजेत. काकू म्हणाल्या, इचारून सांगते.

पारावर परत बैठक बसली. यावेळी बायाही आल्या, आणि पहिल्यापेक्षा जास्त आरडाओरडा झाला. आरतीचे वडील उभे राहिले. “काकू, तुमाला आमी मानतो. पण परत दगड मारला तर? माझ्या पोरीचा डोळा जाता जाता वाचला.”

काकू लगेच भांडल्या नाहीत. “खरं हाय तुझं,” त्या म्हणाल्या. “मी ते इसरले न्हाई. निवारा पोरींचा हाय, पोरींचाच राहील. त्यात ती राहणार न्हाई, हे तुझ्या आधी माझंच म्हणणं. आन् गोळ्यात खंड पडला, तिचं बिनसलं, तर तिला परत दवाखान्यात न्यायचं, त्याच दिवशी. पण नांदेडला न्हाई, परळीला न्हाई, कुणाच्या दारात न्हाई. तिला येड लागलंय म्हणून ती रस्त्यावर हाय. आपल्याला तर काही झालं न्हाई ना?”

यावर आधी बोलले कोण, तर वैजनाथ काका. “फाट्यावरची दूध डेअरीची खोली बंद पडलीय. दार कुजलंय. मी नवीन दार बसवतो.”

काका पारावर बोलले हीच मोठी बातमी होती. त्यांच्या मागून हनुमंत म्हणाला, लाईट मी ओढतो. रेवणसिद्ध म्हणाला, “पाण्याचा माठ मी भरतो. रोज.” मग थांबून म्हणाला, “मला वाटलं, पोराचं नाव घेती.” त्यानं डोळे पुसले. गोळ्यांचं मी अंगावर घेतलं. सकाळी रेवणसिद्धच्या चहासोबत माझ्यासमोर गोळी, महिन्याला एकदा तिला घेऊन दवाखाना. खोलीच्या मागं संडास बांधायचं सरपंचांनी कबूल केलं. आरतीचे वडील हो म्हणाले नाहीत. पण खोली सारवायच्या दिवशी ते मुरमाची ट्रॉली घेऊन आले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच थंडीत सायव्वा गोळी जिभेखाली धरून मग थुंकायला लागली, आणि मला ते कळलं नाही. एका सकाळी तिनं कारची काच फोडली. लोक काकूंच्या दारात जमले. काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, एकालाही उलटं बोलल्या नाहीत, हे त्यांना किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. मग ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी तिला लातूरला नेलं. गाडी हनुमंतची, सोबत काकू आणि, मी बघतच राहिले, आरतीची आई. ती म्हणाली, “काकूंचा गुडघा दुखतोय. तिला धरायला कुणीतरी पाहिजे.” सायव्वा काही दिवसांनी परत आली. आता गोळी घेतल्यावर मी तिला तोंड उघडायला लावते, आणि ती मला तेलुगूत काहीतरी ऐकवते. शिवीच असणार.

लोक विचारतात, मग आता ती काय काम करते? काहीच नाही. उन्हाला बसते. पोरींच्या वेण्यांकडं बघत राहते. आरती रेणापूरला बारावीला आहे. तिनं मोबाईलवरून तेलुगूतले दहा-बारा शब्द शिकून घेतलेत आणि बस येईपर्यंत ते चुकीचे बोलून दाखवते. सायव्वा त्यावर हसते, पुढचे दोन दात नाहीत त्यामुळं हात लावून. ट्रकनं मोठा भोंगा वाजवला तर अजून ओरडते. नवीन ड्रायव्हर दचकतात. आमच्या पोरी दचकत नाहीत, त्या ड्रायव्हरलाच हात करून सांगतात, हळू वाजवा.

मागच्या ग्रामसभेत ठराव झाला. बोरतळ फाट्यावरून कुणालाही गाडीत घालून दुसरीकडं सोडायचं नाही, आणि कुणी आणून सोडलं तर पोलिसांना आणि आशाताईला त्याच घडीला कळवायचं. सगळे हात वर गेले. काकू सभेला नव्हत्या, शेतात काढणी चालू होती. मी बांधावर जाऊन सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, घाम पुसला. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील.

“हात वर करणारात तो झंझट म्हणणारा पाटलाचा धाकला होता का?” त्यांनी विचारलं.

“होता.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या आणि परत वाकल्या.

तालुक्याला आशाताईंची बैठक असते तेव्हा पहिल्यांदा गावाचं नाव सांगावं लागतं. पूर्वी बोरतळ म्हटलं की कुणाला कळायचं नाही, मग फलाण्या गावाच्या पुढचं, अलीकडचं, असं समजावत बसायचं. मागच्या बैठकीला शेजारच्या तालुक्यातली एक ताई माझ्याकडं आली. त्यांच्या बसस्टँडवर एक माणूस फिरतोय, लोक त्याला गाडीत घालायचं म्हणतायत, काय करू म्हणून तिला विचारायचं होतं. तिनं विचारलं, “तुमी त्या जगदेवी काकूंच्या गावच्या ना?”

मी पदर सारखा केला आणि म्हणाले, “हाव. बस इथं. सांगते.”